मधुमेही मांजराची घरची शुश्रूषा

श्रोतेहो, मांजराच्या दुखण्यावर नभोवाणीवरून बोलावयाचें म्हणजे कित्येकांना तें हंसण्यासारखें वाटेल. माणसांच्याच आजारांना दवाखाने पुरे पडत नाहींत, तेथें मांजराच्या मधुमेहाची काय मातब्बरी, असें कोणी म्हटलें तर त्यांत नवल नाहीं. परंतु ज्या घरांत दहा वर्षें एक मांजर वावरलें, मुलांच्या अंथरुणांत निजलें, त्या घराला हा प्रश्न असा दिसत नाहीं. शिवाय या रोगाचें एक वैशिष्ट्य असें कीं, त्याचा उपचार दवाखान्यांत होत नाहीं. तो घरांत होतो आणि रोज दोनदां होतो. डॉक्टर वाट दाखवितात. चालावयाचें घरच्या माणसांनाच असतें. आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत तर ही गोष्ट विशेषच खरी आहे. येथल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांचा बहुतेक वेळ गाई-म्हशी, बैल आणि शेळ्या यांच्यांत जातो, आणि शेतीच्या मुलुखांत तें योग्यच आहे. मांजराची अधिक सूक्ष्म तपासणी करवावयाची झाली म्हणजे घाट उतरून, खामगांवावरून, अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेपर्यंत जाण्याची तयारी ठेवावी लागते. रोज सकाळसंध्याकाळ तो प्रवास कोण करणार? तेव्हां घरच्या माणसांना काय समजलें पाहिजे व काय करतां आलें पाहिजे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊं. मधुमेह हें नांवच लघवीच्या गोडीवरून पडलें आहे. जठराच्या मागच्या बाजूस स्वादुपिंड नांवाची ग्रंथि असते. तिच्यांतून इन्सुलिन रक्तांत उतरतें आणि त्याच्या साहाय्यानें रक्तांतील साखर शरीराच्या पेशींना मिळते. इन्सुलिन कमी पडलें, किंवा शरीर त्याला दाद देईनासें झालें, म्हणजे साखर रक्तांत सांचते, मूत्रपिंडांची मर्यादा ओलांडते आणि लघवीवाटे बाहेर पडूं लागते. घरांत धान्य भरलेलें असून कोठाराची किल्ली हरवावी, तशी ही अवस्था होय. मांजर भरपूर खातें आणि तरीही उपाशीच राहतें.

या रोगाच्या ज्ञानासाठीं माणूस प्राण्यांचा केवढा ऋणी आहे हें येथें सांगितलें पाहिजे. १८८९ सालीं स्ट्रासबुर्ग येथें मिंकोव्स्की व फॉन मेरिंग यांनीं एका कुत्र्याचें स्वादुपिंड काढलें, आणि त्याला मधुमेह जडला. १९२१ सालीं कॅनडांतील टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं कुत्र्यांवरच प्रयोग करून इन्सुलिन मिळविलें, आणि जानेवारी १९२२ मध्यें तें एका मधुमेही मुलाला टोंचण्यांत आलें. त्यानंतर सुमारें साठ वर्षें माणसांना लागणारें इन्सुलिन गाईबैलांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडांतून काढीत असत. इन्सुलिनचा रेणु ५१ दुव्यांचा असतो. मांजराच्या व गाईच्या इन्सुलिनांत त्यांपैकीं एकाच दुव्याचा फरक आहे, आणि मांजराच्या व माणसाच्या इन्सुलिनांत चार दुव्यांचा. म्हणूनच माणसासाठीं तयार केलेलें औषध मांजराला उपयोगी पडतें. कुत्र्यांनीं माणसाला मिळवून दिलेलें औषध माणसानें मांजराला द्यावें, यांत उपकारापेक्षां परतफेडच अधिक आहे.

रोग ओळखावा कसा? हा रोग बहुधा सात-आठ वर्षांच्या पुढच्या मांजरांत आढळतो. त्यांतही खच्ची केलेले, घरांत बसून सुस्त व स्थूल झालेले बोके अधिक. खाज किंवा इतर विकारांसाठीं दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांनींही तो उद्भवूं शकतो. पाण्याचें भांडें वारंवार रिकामें होऊं लागतें; मातीच्या किंवा वाळूच्या पेटींत ओले गोळे पूर्वीपेक्षां मोठे व जास्त दिसतात; क्वचित् त्या जागीं मुंग्या लागतात. भूक वाढते आणि वजन मात्र उतरतें. केंस निस्तेज होतात. पुढें पुढें मागच्या पायांतील शक्ति जाऊन मांजर टाच जमिनीला टेकवून चालूं लागतें, आणि ओट्यावर सहज उडी घेणारें तें प्राणी ओट्याकडे नुसतें पाहत उभें राहतें. हीं चिन्हें दिसतांच तपासणी करवावी. “म्हातारें झालें, चालायचेंच” असें म्हणून गप्प बसूं नये.

तपासणींतही एक मेख आहे. स्वस्थ मांजराच्या रक्तांतील साखर ग्लुकोमीटरच्या मापानें साधारण ७० ते १५० असते. परंतु मांजर भ्यालें, पिशवींत कोंडून एस्. टी.नें आणलें, कीं निरोगी असतांही तिचा आंकडा ३०० च्या वर जाऊं शकतो. म्हणून एकाच आंकड्यावर विसंबून न राहतां लघवींतील साखर, तसेंच मागील एक-दोन आठवड्यांची सरासरी दाखविणारी फ्रुक्टोसामीनची चाचणी, यांचा आधार डॉक्टर घेतात. मांजराच्या लघवींत साखर उतरूं लागते ती रक्तांतला आंकडा सुमारें २५० ते २९० च्या पुढें गेल्यावर. घरीं, नेहमींच्या कोपऱ्यांत, नेहमींच्या माणसाच्या मांडीवर घेतलेला थेंब दवाखान्यांतल्या थेंबापेक्षां खरें बोलतो, तो यामुळेंच.

आतां उपचारांकडे वळूं. आणि वळण्यापूर्वीं एक सूत्र ध्यानांत ठेवूं. वाढलेली साखर मांजराला हळूहळू, दिवसांनीं व आठवड्यांनीं खालावते. फार उतरलेली साखर तासाभरांत प्राण घेऊं शकते. घरच्या शुश्रूषेंत निष्काळजीपणापेक्षांही अति उत्साहाचें भय अधिक आहे. पुढें जें जें सांगावयाचें आहे तें या एका सूत्राभोंवतीं फिरतें.

आहारापासून आरंभ करूं. आपल्याकडे मांजराचें जेवण म्हणजे दूध-पोळी किंवा दूध-भात. प्रेमानें घातलेलें हें अन्न मांजराच्या प्रकृतीला मानवणारें नाहीं. मांजर हें जातीनेंच मांसाहारी आहे. त्याचें यकृत प्रथिनांवर चालतें, आणि टॉरीन नांवाचें जें द्रव्य त्याला आवश्यक असतें तें मांस-मासळींतूनच मिळतें. पोळी, भात, दुधांतील साखर, तसेंच बाजारच्या कोरड्या दाण्यांतलें पीठ, हें सर्व मधुमेही मांजराच्या रक्तांत साखर वाढवितें. अधिक प्रथिनांचें, कमी पिठाचें, ओलें अन्न हेंच त्याचें पथ्य. नुसती उकडलेली कोंबडीही दीर्घकाळ पुरी पडत नाहीं. तींत चुना व इतर द्रव्यें कमी असतात. म्हणून मांजरासाठीं तयार मिळणारें ओलें अन्न, त्याच्या वेष्टनावरील प्रमाणें पाहून व डॉक्टरांस विचारून, निवडावें.

ज्या माळकरी किंवा शाकाहारी घरांत अंडेंही येत नाहीं, तेथें हा मोठाच पेंच पडतो. मागच्या पडवींत वेगळें भांडें ठेवून, डबाबंद अन्न तेथेंच उघडून घालण्याची सोय कित्येक घरें करतात. घराचा आचार घराचा. परंतु त्या आचाराचा भार ज्याला तो कळत नाहीं अशा मुक्या प्राण्यावर किती घालावा, याचा विचार प्रत्येकानें आपल्या मनाशीं करावा.

मात्र येथें दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. पहिली अशी कीं, मांजराला एकादशी घडवूं नये. स्थूल मांजर कांहीं दिवस उपाशी राहिलें तर त्याच्या यकृतांत चरबी सांचून तें दगावूं शकतें. वजन उतरवावयाचें तें आठवड्याला शेंकडा एकाच्या सुमारानें. दुसरी अशी कीं, इन्सुलिन चालूं असतांना दूध-पोळी एका दिवसांत बंद करून पथ्याचें अन्न सुरू करूं नये. पीठ कमी झालें कीं इन्सुलिनची गरजही कमी होते. सुई तेवढीच राहिली तर साखर एकदम कोसळते. पालट हळूहळू, डॉक्टरांस कळवून आणि रोज मोजून करावा.

आतां इन्सुलिनकडे येऊं. बहुतेक मांजरांचा आरंभ एका वेळीं १ युनिटच्या आसपास होतो, आणि सुई बारा बारा तासांनीं, दिवसांतून दोनदां द्यावयाची असते. ज्या घरांत वडीलधाऱ्यांना मधुमेह आहे तेथें सुईचें भय नसतें, हें खरें. परंतु तेथें दुसरेंच भय असतें. आजोबा वीस युनिटें घेतात, तेव्हां मांजराला दोनतीन अधिक गेलीं तर काय बिघडलें, असें वाटूं लागतें. चार किलोच्या प्राण्याला तीं दोनतीन युनिटेंच घातक होतात. आजोबांच्या कुपींतलें इन्सुलिन बहुधा निराळ्या जातीचें असतें. तें मांजराला देऊं नये, आणि त्यांच्या गोळ्या तर मुळींच देऊं नयेत.

सर्वांत मोठा घोटाळा होतो तो सिरिंजांचा. आपल्या देशांत कांहीं इन्सुलिन १ मिलिलिटरला ४० युनिटें या प्रमाणाचें मिळतें, तर ग्लार्जिनसारखें १०० युनिटें या प्रमाणाचें. दोहोंच्या सिरिंजा वेगळ्या. ४० ची सहसा लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. १०० च्या कुपींतलें औषध ४० च्या सिरिंजेनें एका रेघेपर्यंत घेतलें, तर मांजराला एक नव्हे, अडीच युनिटें जातात. उलट केलें, तर एकाऐवजीं चारदशांश युनिटच जातें. टोपणाच्या रंगावरही विसंबूं नये. कुपीवरचा आंकडा आणि सिरिंजेवरचा आंकडा प्रत्येक वेळीं डोळ्यांनीं जुळवून पाहावा.

सुई देण्याची कृति अवघड नाहीं. मांजर खात असतांनाच, कुशीजवळची सैल कातडी चिमटींत उचलावी; तिचा जो लहानसा तंबू होतो त्यांत सुई अंगाला समांतर घालावी आणि दट्ट्या दाबावा. सुई इतकी बारीक असते कीं, पुष्कळ मांजरें ताटलींतून तोंडही वर काढीत नाहींत. जागा रोज थोडी बदलावी. जें इन्सुलिन गढूळ असतें तें तळहातांमध्यें हळूवार फिरवून एकजीव करावें, खळखळ हलवूं नये. सुई आरपार जाऊन केंस ओले झाले, किंवा मांजर मध्येंच निसटलें, तर किती औषध आंत गेलें हें कोणालाच सांगतां येत नाहीं. अशा वेळीं पुन्हां टोंचूं नये. एक मात्रा बुडाल्यानें मांजर मरत नाहीं. दोन एकदम दिल्यानें मरूं शकतें.

औषधाची साठवण हा आपल्या जिल्ह्यांत निराळाच प्रश्न आहे. घाटावरील बुलढाणा, चिखली, मेहकर या बाजूस हवा त्यांतल्या त्यांत सौम्य. पण घाटाखालीं मलकापूर, नांदुरा, शेगांव, खामगांव येथें उन्हाळ्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत, शीतकपाटांत ठेवावी, परंतु बर्फाच्या कप्प्यांत किंवा त्याला लागून ठेवूं नये; एकदां गोठलेलें इन्सुलिन वायां गेलें असें समजावें. वीज दीर्घकाळ गेली तर कुपी कोरड्या डबींत घालून ती डबी ओल्या फडक्यानें गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यांत, वारा लागेल अशा सावलींत ठेवावी. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेंत मडकें चांगलें गार राहतें. पावसाळ्यांत त्याचा तितका भरंवसा नाहीं. बंद मोटारींत किंवा खिडकींत कुपी कधींही ठेवूं नये. कुपीवर उघडल्याची तारीख लिहावी, आणि तिच्याबरोबरच्या कागदावरील मुदत, जी बहुधा चार आठवड्यांची असते, ती पाळावी.

मात्रा बरोबर आहे कीं नाहीं हें मोजल्यावांचून कळत नाहीं. कोमट फडक्यानें कान शेंकावा, कडेच्या बारीक शिरेच्या बाहेरच्या बाजूस व्हॅसलिनचें बोट फिरवावें म्हणजे थेंब पसरत नाहीं, आणि मागें कापसाचा बोळा धरून टोंचावें. थेंब मिळाला कीं लगेच आवडीचा घांस द्यावा. चार-सहा दिवसांत मांजर त्या घांसासाठीं आपण होऊन कान पुढें करूं लागतें. माणसांचा ग्लुकोमीटर मांजराची साखर बहुधा खरीपेक्षां कमी दाखवितो; प्राण्यांसाठीं वेगळे ग्लुकोमीटर निघाले आहेत. कोणताही वापरा, पण नेहमीं एकच वापरा, आणि तो कोणता हें डॉक्टरांना सांगा. डॉक्टर सांगतील त्या दिवशीं सकाळच्या सुईपासून बारा तास, दर दोन तासांनीं मोजून आंकडे मांडावे. साखर सर्वांत खालीं कोठपर्यंत आली आणि केव्हां आली, हें त्यावरून दिसतें. तो खालचा आंकडा सामान्यतः ८० ते १५० च्या दरम्यान असावा, अशी अपेक्षा असते. एका सकाळीं ३५० दिसले म्हणून त्याच सकाळीं मात्रा वाढवूं नये. शरीराला नव्या मात्रेची संवय होण्यास सुमारें आठवडा लागतो. त्या आधीं केलेली वाढ म्हणजे अंधारांत पायरी उतरणें होय.

आंकडा ८० च्या खालीं गेला तर पुढची सुई देण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें. ६० च्या खालीं गेला, अथवा आंकडा न पाहतांही मांजर झिंगल्यासारखें चालूं लागलें, थरथरूं लागलें, एकाएकीं वखवखलें किंवा निपचित पडलें, तर क्षणाचाही विलंब लावूं नये. शुद्धीवर असेल तर लगेच खावयास द्यावें. खात नसेल तर चमचाभर मध किंवा ग्लुकोजचें घट्ट पाणी बोटानें थोडें थोडें हिरड्यांना चोळावें. बेशुद्ध मांजराच्या घशांत कांहींही ओतूं नये; तें श्वासनळींत जातें. आंकडे येत असतील तर बोट दांतांत सांपडणार नाहीं अशी काळजी घ्यावी. मांजर सावरलें तरी काम संपत नाहीं, कारण टोंचलेलें इन्सुलिन अजून कांहीं तास आपलें काम करीतच असतें. खायला घालावें, पुन्हां पुन्हां मोजावें, आणि डॉक्टरांकडे न्यावें. मधाची बाटली सुईच्या डब्याजवळच ठेवावी. रात्रीं दोन वाजतां ती शोधीत बसण्याची पाळी येऊं नये.

हें अरिष्ट बहुधा कसें ओढवतें? अज्ञानानें क्वचितच, प्रेमानें व घाईनें अधिक वेळां. सासूबाई सहा वाजतां उठून सुई देतात व देवपूजेला बसतात. साडेसहाला सूनबाई स्वयंपाकघरांत येतात, पायांत घोटाळणारें मांजर पाहतात, आणि “अजून सुई राहिली वाटतें” म्हणून दुसरी देतात. दोघींचाही हेतु निर्मळ. पण मांजराच्या अंगांत दुप्पट विष. म्हणून शीतकपाटाच्या दाराला दोरीनें एक वही बांधावी. तारीख, वेळ, साखरेचा आंकडा, खाल्लें कीं नाहीं, किती युनिटें दिलीं, आणि देणाराचें नांव, एवढें सुई दिल्याबरोबर लिहावें. वहींत नोंद नाहीं आणि देणारा घरांत नाहीं, अशी शंका आली तर सुई देऊं नये. लग्नकार्यासाठीं परगांवीं जावयाचें असेल तर एकाच जबाबदार माणसाला सर्व शिकवून ठेवावें. आठवड्याचें पान फोनवरून छायाचित्रानें डॉक्टरांना पाठवितां येतें. अकोल्याचा प्रवास जितका कमी करावयाचा, तितकी ही वही नेटकी ठेवावयास हवी.

मांजरानें अन्न सोडलें तर काय करावें? नेहमींची पुरी मात्रा देऊं नये, आणि स्वस्थही बसूं नये. आधीं साखर मोजावी, आणि डॉक्टरांकडून अशा प्रसंगासाठीं पूर्वींच घेऊन ठेवलेल्या सूचनेप्रमाणें वागावें. मधुमेही मांजर खाईना, ओकूं लागलें, मलूल पडलें, श्वासाला नेलपॉलिश पुसण्याच्या द्रवासारखा वास येऊं लागला, तर रक्तांत कीटोनांचें विष सांचत असल्याची ती खूण आहे. येथें घरगुती उपाय नाहीं. त्याच दिवशीं दवाखाना गांठला पाहिजे. वाढलेली साखर हळूहळू खालावते असें मीं म्हटलें, त्याला हा अपवाद आहे.

अलीकडे तोंडानें द्यावयाचीं औषधेंही निघालीं आहेत. अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें डिसेंबर २०२२ मध्यें बेक्साग्लिफ्लोझिनची गोळी आणि ऑगस्ट २०२३ मध्यें वेलाग्लिफ्लोझिनचें द्रव मांजरांसाठीं मान्य केलें. तीं मूत्रपिंडांवाटे साखर बाहेर घालवितात. परंतु तीं पूर्वीं इन्सुलिन न घेतलेल्या व अन्यथा निरोगी मांजरांसाठींच आहेत. त्यांच्यामुळें साखर ठीक दिसत असतांही कीटोन सांचूं शकतात. सुई चुकते एवढ्याच कारणानें त्यांच्या मागें लागूं नये.

शेवटीं एक आशेची गोष्ट. माणसाच्या मधुमेहाहून मांजराचा मधुमेह एका बाबतींत उदार आहे. उपचार लवकर सुरू झाला, पथ्य नीट पाळलें गेलें आणि साखर कांहीं महिने आटोक्यांत राहिली, तर कित्येक मांजरांचें थकलेलें स्वादुपिंड पुन्हां काम करूं लागतें, आणि इन्सुलिन अजिबात बंद करतां येतें. पण ही सुवार्ता दबक्या पावलांनीं येते. सुई पूर्वीइतकीच चालूं राहिली आणि मोजणी थांबली, तर बरें होत असलेलें मांजरच कमी साखरेनें जाण्याचें भय असतें. म्हणून मांजर चांगलें दिसूं लागलें म्हणजे मोजणें सोडावयाचें नाहीं. तेव्हांच तें अधिक नेमानें करावयाचें.

श्रोतेहो, या शुश्रूषेला फार विद्या लागत नाहीं. ठरलेल्या वेळा, स्वच्छ नोंद, आणि शंका आल्यास हात आवरण्याचा संयम, एवढें भांडवल पुरे. मांजराला आपली तहान सांगतां येत नाहीं, आपलें झिंगणें सांगतां येत नाहीं, आणि आपल्याला सकाळीं एकदां सुई दिली गेली आहे हेंही सांगतां येत नाहीं. तें बोलण्याचें काम वहीला करावें लागतें. ती वही ज्या घरांत रोज लिहिली जाते, तेथें मधुमेही मांजर पुष्कळ वर्षें सुखानें नांदूं शकतें.